मशीनवरचं डायलिसिस की पोटाचं? क्षारांचा हिशेब आधी पाहा

डायलिसिसचा प्रकार ठरवताना बोलणं होतं ते सुया, वेळ आणि येण्याजाण्याचं. रक्तातल्या क्षारांचा विषय निघतो तो थेट पहिला रिपोर्ट हातात आल्यावर. तो आधीच समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक पोटॅशियमचा. मशीनवरचं हिमोडायलिसिस साधारणपणे आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास चालतं. मधल्या दिवसांत पोटॅशियम चढतं आणि मशीनवर काही तासांत झपाट्यानं उतरतं. आठवड्यातून एकदा येणारा दोन दिवसांचा खंड सर्वांत जोखमीचा. वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, तेही बरेचदा काही लक्षण न दाखवता. पोटाचं (पेरिटोनियल) डायलिसिस, म्हणजे पोटात द्रावण भरून रक्त शुद्ध करणं, रोज चालतं आणि त्या द्रावणात पोटॅशियम नसतंच. त्यामुळे हे चढउतार टळतात, फळं-भाज्यांवरची बंधनंही बहुधा सैल होतात. मात्र जेवण कमी असेल तर पोटॅशियम फार खाली जाऊ शकतं.

फॉस्फरसपुढे दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. मशीनच्या एका सत्रात सुमारे 800 ते 1000 मिलिग्रॅम निघतो, पोटाच्या डायलिसिसमध्ये दिवसाला 300च्या आसपास. आठवड्याचा हिशेब दोन्हीकडे 2 ते 3 ग्रॅम, आणि आहारातून शोषला जाणारा त्याहून जास्त. तो मुख्यतः हाडांत आणि पेशींत असतो. रक्तातला लवकर निघतो, आतला सावकाश बाहेर येतो. म्हणून इथे वेगापेक्षा वेळ कामी येतो. आठवड्यातून 5-6 रात्री, रात्रभर केलेल्या हिमोडायलिसिसमध्ये अनेकांच्या फॉस्फेट बाइंडरच्या (अन्नातला फॉस्फरस आतड्यातच अडवणाऱ्या) गोळ्या कमी होतात, कधी द्रावणातच फॉस्फेट मिसळावं लागतं. बाकीच्यांना गोळ्या लागतातच, आणि त्या जेवणासोबतच घ्यायच्या. पोटाच्या डायलिसिसमध्ये प्रथिनं वाहून जातात, ती भरून काढताना फॉस्फरसही वाढतो. खाण्यावर लक्ष ठेवायचं तर आधी फॉस्फेट मिसळलेले पाकीटबंद पदार्थ सोडा. त्यातला फॉस्फरस डाळींतल्यापेक्षा कितीतरी जास्त शोषला जातो.

कॅल्शियम बरंचसं द्रावणावर ठरतं. पोटाच्या डायलिसिसमध्ये जास्त कॅल्शियमचं द्रावण सतत पोटात राहिलं, तर पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) दबून हाडांची झीज-भर मंदावू शकते.

लघवी अजून होत असेल, तर माझा कल पोटाच्या डायलिसिसकडे. उरलेलं मूत्रपिंड त्यात सहसा जास्त काळ टिकतं, आणि तेही फॉस्फरस बाहेर टाकत असतं.