अकरावीसोबत काय लावू: बायफोकल, टायपिंग का एमएस-सीआयटी?

अकरावीचं अ‍ॅडमिशन झालं की यवतमाळच्या आर्णी, दारव्हा, घाटंजीकडं हाच प्रश्न सुरू होते. घरचे तर तिन्हीले "कम्प्युटर" म्हणून मोकळे होतात, पण तिन्हीचं काम येगयेगळं आहे बरं का.

सायन्सवाल्यांनी बायफोकलचा आधी विचार करा कारण ते कॉलेजातच होते, बाहेर क्लास नाही. दुसरी भाषा अन एक ऐच्छिक विषय सोडायचा, त्याच्या बदल्यात 200 मार्कांचा एकच व्होकेशनल, म्हणजे कामधंद्याचा विषय, कम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स, जे कॉलेजात असन ते. कम्प्युटर अन इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर अर्धे मार्क प्रॅक्टिकलचे, म्हणून टक्का चढते. इंजिनीअरिंगले फिजिक्स-मॅथ्स लागतेच, पण केमिस्ट्रीत मार खाल्ला तर तिसऱ्या विषयाच्या जागी हा व्होकेशनल धरता येते, हे लय पोरांले माहीतच नसते. पण बहुतेक जण बायो सोडून हे घेतात, मंग डॉक्टरकीची NEET परीक्षा विसरा. डॉक्टर-नर्सिंग डोक्यात असन तर ह्याच्या नादी लागू नका.

अन अ‍ॅडमिशनच्या दिवशी लॅब उघडून दाखवा म्हणा. मशीनवर कव्हर चढवलेलं अन कव्हरवर बोटभर धूळ असन तर तुमचं प्रॅक्टिकल कसं होणार ते समजून जा. सर "चाबी शिपायाजवळ आहे" म्हणाले तरी तेच.

टायपिंग म्हणजे राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा, सहा महिन्याचा कोर्स. लिपिक-टंकलेखकाच्या जागेले मराठी 30 नाहीतर इंग्रजी 40 (म्हणजे मिनिटाले तेवढे शब्द) चं सर्टिफिकेट मागतातच, तिथं बायफोकल दाखवून काही होत नाही. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी माझ्या मते हेच धरावं, आधी मराठी 30. रोज बसलं तरच हात बसते, आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याचे पैसे पाण्यात.

एमएस-सीआयटी हा कम्प्युटरचा बेसिक कोर्स, 2001 पासून आहे, वर्ड, एक्सेल, इंटरनेट असं थोडं थोडं सगळंच. सरकारी भरतीत लागते, पण बऱ्याच पोस्टले जॉईन झाल्यावरही मुदत भेटते, म्हणून अकरावीत घाई कायले? बारावीची परीक्षा झाली की उन्हाळ्यात उरकून टाका.

पोरींनी फी विचारायच्या आधी बॅचची वेळ विचारा. मानव विकासची निळी बस, म्हणजे शिकणाऱ्या पोरींसाठीची सरकारी बस, बारावीपर्यंत फुकट आहे, पण पाचची बॅच लावली अन बस साडेपाचले सुटली तर रोज ऑटोचे पैसे, त्यापेक्षा कॉलेजच्या आधी सकाळची बॅच मागून घ्या.