भंगारातल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरपासून घरी बनवलेला रुंद चित्राचा प्रोजेक्टर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीनंतर बनवलेला हा प्रोजेक्टर तेव्हापासून जवळजवळ रोज रात्री चालतो आहे. नागपूरचा उन्हाळा आणि त्यामागून आलेला पावसाळा त्याने काढल्याशिवाय त्याविषयी लिहायचे नाही, असे ठरवले होते.

मोडीत निघालेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरमधले (पारदर्शक कागदावरचा मजकूर भिंतीवर मोठा दाखवणारे जुने यंत्र) फ्रेनेल भिंग, म्हणजे बारीक गोल खाचा असलेले प्लास्टिकचे सपाट भिंग, आणि वरचे गोल भिंग, १०.१ इंची व १२८० × ८०० पिक्सेलचे एलसीडी पॅनल, त्याला बाहेरून चित्र पुरवणारा एचडीएमआय बोर्ड आणि १०० वॅटचा एलईडी एवढे सामान प्लायवूडच्या पेटीत बसवले आहे. गोल भिंगाचे नाभीय अंतर ३१५ मिलिमीटर असल्यामुळे पॅनल त्यापासून ३६ सेंटिमीटरवर ठेवले की अडीच मीटरवरच्या भिंतीवर सुमारे पाच फूट रुंद चित्र उमटते. भिंगातून प्रतिमा उलटी पडते, म्हणून पॅनलच उलटे बसवले. बॅकलाइट, म्हणजे पॅनलमागचा मूळचा दिवा, सोडवताना पॅनलच्या कडेची पट्टी जराशी दुमडली गेली. तिची शिक्षा म्हणून डावीकडे एक उभी रेघ कायमची आली आहे.

खोली पूर्ण अंधारी असेल तर चित्र समाधानकारक दिसते. कोपऱ्यांतली अक्षरे मात्र पुसट राहतात. दिवसा वापरायचा विचार करू नये.

खरी अडचण उष्णतेची आहे. पॅनलचा पहिला पोलरायझर (एकाच दिशेने कंपन पावणारा प्रकाश पुढे सोडणारा पापुद्रा) निम्म्याहून अधिक प्रकाश अडवतो, रंगांच्या गाळण्या उरलेल्यातला बराचसा शोषतात, आणि हा सगळा प्रकाश पॅनलमध्येच उष्णता होऊन मुरतो. मे महिन्यात एका रात्री क्रिकेटचा सामना ऐन रंगात असताना चित्राच्या मधोमध काळसर डाग उमटला आणि बघता बघता बशीएवढा झाला. पॅनल गेलेच असे मी धरून चाललो. पण एलईडी बंद करून पंखा चालू ठेवल्यावर अर्ध्या तासात डाग नाहीसा झाला, कारण फार तापल्यावर पॅनलमधल्या द्रव स्फटिकांची रचना मोडते आणि निवल्यावर ती पुन्हा जुळते. त्यानंतर फ्रेनेल आणि पॅनल यांत दोन सेंटिमीटरची फट ठेवून तिच्यात संगणकाच्या पंख्याचा वारा सोडला, एलईडीची गरम हवा वेगळ्या वाटेने बाहेर काढली आणि एलईडी ७० वॅटवर आणला. पेटीचे तोंड कूलरकडे करण्याची चूक मात्र कोणी करू नये. तुषारांतल्या क्षारांचे पांढरे ठिपके फ्रेनेलच्या खाचांत बसतात आणि ते पुसायला गेले की प्लास्टिकवर ओरखडे उठतात.

पावसाळ्यात पाखरे आत शिरतात. सेंटिमीटरभर पाखरू भिंतीवर सात सेंटिमीटरचे दिसते, आणि पॅनलवर ते वर चढू लागले की भिंतीवर खाली उतरते. घरातल्या मुलांना सिनेमापेक्षा हेच अधिक आवडले. आता हवेच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावला आहे. त्याने वारा थोडा घटला, त्यामुळे ऑक्टोबरची उकाड्याची झळ सरेपर्यंत एलईडी ७० वॅटच्या वर नेणार नाही.