३२००चं लेबल आणि न तपासलेल्या चिपा: रॅमच्या फसवणुकीत मुदत कशी निसटते

नव्या जुळणीचा पीसी पहिल्याच झटक्यात चालू होतो. बायोसमध्ये १६ जीबी दिसते, सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर लेबलशी जुळतो. घेणारा ‘रॅम व्यवस्थित आहे’ असं कळवून टाकतो. लबाड विक्रेत्याला नेमकं हेच वाक्य हवं असतं.

त्रास नंतर सुरू होतो, तोही आडवळणाने. झिप फाइल उलगडताना सीआरसीची (मजकूर बिघडला का हे सांगणाऱ्या पडताळणी-आकड्याची) चूक येते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा नीट उलगडते. गेम काही न सांगता बंद पडतो. निळा स्क्रीन येतो. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, परवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, पुढे तिसरंच काही. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुधा तोच कोड पुन्हा पुन्हा येतो. दर वेळी नवा कोड दिसला की आधी रॅमकडे बघावं. पण बहुतेक जण विंडोज नव्याने टाकतात, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर, मग पॉवर सप्लाय बदलून बघतात. या खटाटोपात रॅम परत करण्याची मुदत संपून जाते.

या लबाडीचं मूळ एसपीडीत आहे. रॅमच्या पट्टीवर ही एक छोटी वेगळी चिप असते, डीडीआर४मध्ये ५१२ बाइटची. वेग, टाइमिंग (काम पुरं करायला किती ठोके मिळतात ते), पार्ट नंबर, सीरियल नंबर, बनवल्याचं वर्ष आणि आठवडा, एक्सएमपी प्रोफाइल (मूळ वेगापेक्षा जास्त वेगासाठीची तयार सेटिंग) हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. बोर्ड सुरू होताना तीच वाचतो आणि सीपीयू-झेडचा एसपीडी टॅबही तीच वाचून दाखवतो. ही चिप पुन्हा लिहिता येते आणि त्यासाठीची साधनं सहज मिळतात. म्हणजे स्क्रीनवर दिसणारं नाव हा अस्सलपणाचा पुरावा नाही, ते दुसरं लेबल आहे. विक्रेत्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटची किंमतही तेवढीच.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. कमी वेगाची, म्हणजे २४०० किंवा २६६६ची खूण असलेल्या चिपा ३२०० वेगाच्या पट्टीवर असणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. नामांकित कंपन्याही अशा चिपा स्वतः तपासतात, निवडतात आणि १.३५ व्होल्टच्या एक्सएमपी प्रोफाइलसह विकतात. फरक चाळणीचा आहे. लबाड माणूस जुन्या पट्ट्यांवरून काढलेल्या किंवा चाळणीत नापास झालेल्या चिपा घेतो, एसपीडीत ३२०० लिहितो आणि वर चकचकीत हीटसिंक चिकटवतो. थंड असताना पीसी चालू होतोही. चिप तापली की तिच्यातल्या माहिती साठवणाऱ्या पेशीतला विद्युतभार लवकर गळतो, आखडलेल्या टाइमिंगला मोकळीक उरत नाही आणि बिट उलटतात. दुकानात पाच मिनिटं चालवून दाखवलेली रॅम म्हणूनच काही सिद्ध करत नाही.

तपासणी रॅम हातात आली त्याच दिवशी करा आणि क्रम मोडू नका. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घाला. बायोसमध्ये एक्सएमपी बंद करा. पीसी बंद करून पॉवर सप्लायचा स्विचही बंद करा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या. दोन्ही पट्ट्या काढा आणि एकच पट्टी ए२ स्लॉटमध्ये बसवा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर तो प्रोसेसरकडून दुसरा असतो. खात्रीसाठी बोर्डाची पुस्तिका बघा. पेनड्राइव्हवरून पीसी चालू करा आणि चाचणीच्या चार पूर्ण फेऱ्या होऊ द्या, काही तास लागले तरी. मग दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये. त्यानंतर एक्सएमपी चालू करून सगळं पुन्हा. चुकांचा आकडा कितीही छोटा असो, एक चूक म्हणजे नापास. चाचणीचा क्रमांक, चुकीचा मेमरीतला पत्ता आणि वेळ दिसेल असा स्क्रीनचा फोटो काढा, त्याच फोटोत पट्टीचं लेबल नसेल तर ते लगेच वेगळं टिपा.

एक्सएमपी बंद असताना, म्हणजे मूळ वेगातच, एकाच पट्टीत चूक आली तर वादाला जागा उरत नाही, पट्टी खराब आहे. पण दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये नापास आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये पास होत असतील तर दोष रॅमचा नाही. स्लॉटमधली धूळ, प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर बघा.

खरा पेच पडतो तो रॅम मूळ वेगात पास आणि ३२००ला नापास होते तेव्हा. विक्रेता लगेच म्हणतो, ‘एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, त्याची हमी नाही.’ त्याच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. पहिल्या पिढीच्या रायझेनला किंवा दहाव्या पिढीच्या कोअर आय५ला अधिकृतपणे २६६६च दिलेलं आहे, त्यामुळे दोष प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचाही असू शकतो. याचा निकाल लावायला, ३२००ला बिनचूक चालते अशी माहीत असलेली जोडी त्याच पीसीत, त्याच सेटिंगवर लावा. ती पास आणि नवी नापास झाली की प्रोसेसरकडे बोट दाखवता येत नाही. ‘व्होल्टेज १.४५ करून बघा’, ‘बायोस अपडेट करा’, ‘आठवडाभर चालवून सांगा’ हे सल्ले अनेकदा मुदत संपवण्यासाठी दिलेले असतात. लेबलावर १.३५ छापलंय ना, मग १.३५वरच चालायला हवी.

सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये १६०० दिसलं म्हणून मात्र भांडू नका. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोन वेळा देवाणघेवाण. १६०० मेगाहर्ट्झ हीच ३२००.

हीटसिंक नसलेल्या पट्टीवर चिपांवरची अक्षरं वाचा. सॅमसंगच्या डीडीआर४ चिपेवर क्रमांकाच्या शेवटी आरसी असेल तर २४००, टीडी असेल तर २६६६, डब्ल्यूई असेल तर ३२००. पट्टी १.२ व्होल्टवर, एक्सएमपीशिवाय, सीएल२२ या टाइमिंगने ३२०० असल्याचा दावा असेल आणि चिपेवर आरसी असेल, तर तो दावा खोटा. एकाच पट्टीवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा, घासून पुसलेला पृष्ठभाग, कडेला डाग देताना वापरतात तो चिकट फ्लक्स, हे सगळं काढून लावलेल्या मालाचं लक्षण. हीटसिंक उचकटून बघायला जाऊ नका. चिकटपट्टीबरोबर चिपही उखडते आणि विक्रेत्याला हात वर करायला कारण मिळतं. लिनक्सवर डिकोड-डिम्स हा एसपीडी वाचणारा प्रोग्राम चालवला तर एसपीडीचा सीआरसी तपासून मिळतो. घाईत लिहिलेल्या एसपीडीत तो कधी कधी चुकलेला सापडतो. दोन पट्ट्यांवर एकच सीरियल नंबर असणंही वाईट. सगळे शून्य असतील तर मात्र थांबा, काही चांगल्या कंपन्याही तो रिकामा ठेवतात.

आणखी दोन प्रकार चालतात. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉपसाठी खपवतात. ती खाचेत बसते, पण पीसी चालू होत नाही. पट्टीच्या मधोमध एसपीडीपेक्षा मोठी अशी एक वेगळी चिप दिसली तर ती बहुधा हीच. दुसरा प्रकार, फक्त दिवे असलेल्या डमी पट्ट्या. त्या शोभेसाठी रीतसर विकल्या जातात, पण चार पट्ट्यांत दोन डमी घालून चारही रॅमचे पैसे घेतात.

रॅम बदलून मिळाली तरी काम उरतं. खराब रॅमवर कॉपी केलेले फोटो, बॅकअप, हिशेबाच्या फाइली डिस्कवर बिघडून बसलेल्या असू शकतात आणि उघडून पाहीपर्यंत कळत नाही. संशय आल्याच्या दिवसापासून त्या पीसीवर काही हलवू नका. मेमोरी कार्ड किंवा जुनी डिस्क पुसू नका. नवी रॅम चार फेऱ्या पास झाल्यावर विंडोज नव्याने टाका आणि त्या काळातल्या सगळ्या कॉपी मूळ ठिकाणाहून पुन्हा करा.