मीठ कुठं गेलं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. हॉटेलांचं खरकटं आणि मार्केट यार्डातली सडकी भाजी आणायची, दाबून पाणी काढायचं, चोथ्याचं खत करायचं. डोकेदुखी त्या पाण्याची. रोज 5,000 लिटर, सीओडी (पाण्यातली घाण संपवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला 42,000 मिलिग्रॅम. घरगुती सांडपाण्याचा पाचशेच्या आसपास असतो, यावरून समजा.

गेल्या वर्षी एक जण पावडर घेऊन आला. "काका, आमचे बॅक्टेरिया उपाशी आहेत, पंधरा दिवसांत सगळं फस्त!" टाकीत पावडर टाकायची, दोन एचपीचा ब्लोअर चालू ठेवायचा, झालं. 1,80,000 रुपये ॲडव्हान्स दिला. टाकीवर हातभर फेस आला, आंबून गेलेल्या इडलीच्या पिठासारखा वास सुटला. तो म्हणतो, "बघा, लागले कामाला."

सोळाव्या दिवशी बाटली त्यानंच भरली, लॅबला त्यानंच पोचवली. सीओडी 2,800! मी पेढे आणले. केमिस्ट्रीवाली भाची घरी आली होती, तिनं रिपोर्ट उलटापालटा करून विचारलं, "मामा, क्लोराइड, म्हणजे मिठातला भाग, 3,300 वरून 270 वर आलंय. बॅक्टेरिया मीठ खात नाहीत. मग मीठ कुठं गेलं?"

कुठं जाणार? गड्यानं माझ्याच हौदातलं पाणी बाटलीत ओतलं होतं. नळाला चार-चार दिवस पाणी न येणाऱ्या सोलापुरात!

हिशेब मीच आधी करायला हवा होता. रोजचा सीओडी 210 किलो. एका युनिट विजेत जेमतेम किलो-दीड किलो ऑक्सिजन पाण्यात विरघळतो आणि हा ब्लोअर चोवीस तासांत 36 युनिट खातो. कुठनं पुरणार? इतकं जड पाणी आधी डायजेस्टरमध्येच, म्हणजे गोबरगॅससारख्या हवाबंद टाकीत, न्यावं लागतं, हवा शेवटी. आता तसंच केलंय. चालू गोबरगॅसची स्लरी विरजणासारखी घालून, पीएच सातच्या आसपास सांभाळत, थोडं थोडं पाणी सोडतोय. घाई केली की आंबतं आणि गॅस बंद.

तुमच्याकडे कुणी आला, तर नमुना स्वतः भरा, सील करा आणि आधीच्या-नंतरच्या दोन्ही रिपोर्टात सीओडीशेजारी क्लोराइड मागा. नुसतं मागितलं तरी चेहरा बघण्यासारखा होतो.

पैसे मागितल्यापासून तो माझा फोन उचलत नाही. परवा मेहुण्याच्या नंबरवरून लावला. लगेच उचलला आणि विचारतो, "किती हजार लिटरची टाकी आहे, काका?"