प्लॉटवरचं जुनं झाड: जागेवर राखावं की उचलून हलवावं?

सातारा-सांगलीकडे घराचा नकाशा काढायला बसलं, की आंबा, जांभूळ, हिरडा, करंज असं एखादं जुनं झाड नेमकं हॉलमध्ये नाहीतर पार्किंगमध्ये येतं. ते तोडायचं नाही एवढं ठरलेल्या माणसापुढे दोन वाटा उरतात. झाड जागेवर ठेवून बांधकाम त्याच्या कलाने करायचं, किंवा मुळांच्या गोळ्यासकट उचलून दुसरीकडे लावायचं. दोन्ही वाटांना आपापली जागा आहे. मी पहिली निवडली, आणि ती मुख्यतः एकाच गोष्टीमुळे. त्या गोष्टीकडे येतोच.

आधी झाडाला जागा किती लागते ते पाहू, कारण बहुतेकांचा निर्णय इथेच अडतो. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजा आणि 3.14 ने भागा. व्यास जितके इंच येईल, तितक्या फूट त्रिज्येचं वर्तुळ झाडासाठी सोडायचं. पाच फूट घेराच्या जांभळाचा व्यास सुमारे 19 इंच, म्हणजे खोडापासून चहूबाजूंनी 19 फूट. क्षेत्रफळ साधारण 1134 चौरस फूट होतं. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा. थोडक्यात, असं एक झाड आख्खा गुंठा मागतं. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर ते मधोमध असेल, तर हलवण्याचा विचार करणाऱ्याला दोष देता येत नाही. प्लॉट चार-पाच गुंठ्यांचा असेल किंवा झाड कडेला असेल, तर मात्र नकाशाच सरकवावा. एका बाजूने थोडं वर्तुळाच्या आत यावं लागलं तर झाड सहसा सोसतं, पण त्या बदल्यात दुसऱ्या बाजूला तेवढी मोकळी माती वाढवून द्यावी. या मापाच्या झाडाला खोडापासून आठ फुटांच्या आत कुदळसुद्धा नको. झाडाला उभं धरणारी जाड मुळं तिथे असतात.

आता हलवण्याची बाजू. काम नीट केलं तर ते दोन-तीन महिने आधी सुरू होतं. खोडाभोवती गोळ्याच्या मापाचा चर आधी अर्ध्या बाजूने खणतात, मुळं करवतीने साफ कापतात आणि चर शेणखत-मातीने भरतात. महिना-दीड महिन्याने उरलेली बाजू. मधल्या काळात कापलेल्या टोकांना बारीक मुळ्या फुटतात आणि पुढे झाड त्यांच्यावरच जगतं. फांद्या सुमारे एक तृतीयांश कमी करतात, मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावतात (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको). गोळा गोणपाटाने आवळायचा आणि पट्टा गोळ्याखालून घालून उचलायचं. पट्टा खोडाला बांधून उचललं तर सालीखालचा थर चिरडतो.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. सहा फूट व्यासाचा आणि तीन फूट खोलीचा गोळा चार टनांच्या वर जातो, आठ फूट व्यास आणि साडेतीन फूट खोलीचा आठ-नऊ टनांवर. हायड्राची (चाकांवरच्या क्रेनची) क्षमता 12-14 टन लिहिलेली असली तरी ती बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखूड असताना. बूम लांब काढली की निम्मीही उरत नाही. त्यात वाटेत विजेच्या तारा. म्हणून ऐनवेळी गोळा छाटून लहान केला जातो, म्हणजे आधीच्या तीन महिन्यांत फुटलेल्या मुळ्याच कापल्या जातात.

मला थांबवलं ते या गोळ्यानेच. साताऱ्याच्या उतारांवर वीत-दोन वीत माती, मग मुरूम, मग कच्चा खडक. झाडाची मुळं मातीत गोल पसरलेली नसतात, खडकाच्या भेगा धरून गेलेली असतात. चर खणायला ब्रेकर लावावा लागतो, त्याच्या धक्क्यांनी मुरूम सैल होतो आणि पट्टा ताणला की गोळा खालून गळायला लागतो. हायड्राला लटकतं ते झाड आणि चार-सहा उघड्या मुळांचे खुंट. सांगलीकडच्या काळ्या रानात उलटी अडचण. उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली असते, गोळा त्याच भेगांवर दुभंगतो. पावसात माती चिकण होते, गोळा स्वतःच्या वजनाने घसरतो आणि हायड्राची चाकं रुततात. वाफसा असतानाच, म्हणजे जमीन ना फार ओली ना फार कोरडी असतानाच, गोळा धड निघतो. ते दिवस मोजके, आणि तेव्हाच रानातून यंत्र आत नेण्याइतका रस्ता कोरडा असेल याची खात्री नसते.

याहून त्रासाचं म्हणजे चूक लगेच कळत नाही. हलवलेलं झाड पावसाळ्यात पालवतं. ती पालवी खोडात साठवलेल्या अन्नावर फुटलेली असते, मुळं अजून लागलेली नसतात. सगळे निर्धास्त होतात, टँकर बंद होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंडे वाळू लागतात. निदान दोन उन्हाळे पाणी द्यायची सोय नसेल, तर हलवण्याच्या फंदात न पडलेलं बरं. माण-खटाव किंवा जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागात तर हा प्रश्न आणखी कठीण.

अर्थात हे सगळ्या झाडांना सारखं लागू नाही. वड, पिंपळ, उंबर, पांगारा, काटेसावर ही झाडं फांदी रोवली तरी मुळं धरतात. गोळा फुटला तरी त्यांना दुसरी संधी असते. जावळी तालुक्यातल्या म्हसव्याचा वड पारंब्यांच्या बळावर एकरांमध्ये पसरला तो याच गुणामुळे. आणि घराच्या पायाशेजारी नको असतात ती नेमकी हीच, वड-पिंपळ-उंबर. तेव्हा जोत्याला चिकटून उंबर असेल तर तो जरूर हलवावा. तसंच घेर दीड फुटाच्या आतलं कोवळं झाड. पण जुनं जांभूळ, हिरडा, ऐन, बाभूळ उचलण्याचा सल्ला मी देणार नाही. गोळा मजबूत निघणारी खोल पोयट्याची जमीन आणि अनुभवी माणसं हाताशी असतील, तर तुमचा निष्कर्ष वेगळा येऊ शकेल.

जागेवर राखण्यातही कटकटी आहेत, पण त्या रोज दिसतात आणि रोज सुधारता येतात. पहिली कटकट सावली. साइटवरची एकमेव सावली म्हणून सिमेंटची थप्पी, बारबेंडरचा ओटा, कामगारांची चूल, मिक्सर, सगळं झाडाखाली येतं. हिरवी जाळी बांधून उपयोग नाही, ती दुसऱ्या दिवशी गुंडाळून वर केलेली असते. लोखंडी पाइप किंवा बल्ल्या रोवून पाच-सहा फुटी चेनलिंकची तारेची जाळी किंवा जुने पत्रे लावावेत, दार ठेवू नये, आणि हे जेसीबी प्लॉट साफ करायला यायच्या आधी करावं. प्लॉटची सफाई म्हणून वरची सहा इंच माती खरवडली, की अन्न घेणारी बारीक मुळं पहिल्याच दिवशी जातात. मिक्सर धुतलेलं पाणी आणि बोअरची राड झाडाच्या वर्तुळात येऊ देऊ नये. सिमेंटच्या पाण्याने माती चुनखडी होते आणि राडीचा थर वाळला की हवा बंद होते. गाडी आत न्यावीच लागली, तर नऊ-दहा इंच उसाचं पाचट पसरून वर फळ्या किंवा लोखंडी प्लेटा टाकाव्यात.

सगळ्यात जास्त झाडं भरावाने मरतात, आणि सांगलीत हे विशेष. 2019 च्या पुरानंतर प्लॉट तीन-चार फूट उचलून घेण्याकडे कल वाढला. झाडाच्या बुडाशी मुरूम ओतून रोलर फिरवला तर मुळं गुदमरतात, साल बुडाशी कुजते आणि झाड दोन ते पाच वर्षांत हळूहळू जातं. तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. खोडाभोवती तीन फुटांचं गोल कठडं बांधून भागत नाही, कारण श्वास खोडाला नाही, मुळांना हवा असतो. भराव फक्त जोत्याखाली घालावा, झाडाच्या वर्तुळात जमीन मूळ पातळीला ठेवावी आणि कडेला दगडाची कोरडी भिंत रचून उतार अडवावा. पुराचं पाणी काही दिवस साचलं तर जांभूळ, करंज, अर्जुन ते बऱ्यापैकी सोसतात. कायमचा भराव सोसत नाहीत.

पाया आणि कंपाउंड यांत खर्च थोडा वाढतो. झाडाच्या बाजूला सलग चर खणू नये. एकमेकांपासून आठ-दहा फुटांवर दोन बाय दोन फुटांचे खड्डे हाताने खणून त्यावर जमिनीच्या वर तुळई टाकावी. खड्ड्यात इंचापेक्षा जाड मूळ लागलं तर खड्डा फूटभर सरकवावा. बारीक मुळं करवतीने साफ कापावीत, ओलं गोणपाट टाकावं आणि शक्यतो त्याच दिवशी खड्डा भरावा. बकेटने ओढलेलं मूळ आत फूट-दोन फूट चिरत जातं, तिथूनच कूज शिरते. ड्रेनेज आणि पाण्याची लाइन आधीच नकाशात वळवून घ्यावी. प्लंबरचा चर ऐनवेळी सरळ रेषेत जातो.

महाबळेश्वर-पाचगणीकडे प्लॉटवर एकटं झाड नसून झाडोरा असतो, तिथे हलवण्याचा पर्याय जवळजवळ नाहीच. झाडं एकमेकांच्या आडोशाने वाढलेली असतात. मधली चार काढली की उरलेली पहिल्या वादळी पावसात कलतात. संपूर्ण झुबक्याला एकच कुंपण घालावं आणि खालची करवंदाची जाळी, कारवी साफ करू नये. 2001 पासून हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे परवानग्याही कडक.

परवानगीचं म्हणाल तर हलवणं म्हणजे तोडणं नव्हे, हा समज चुकीचा. नागरी भागासाठीच्या 1975 च्या कायद्याखाली झाड हलवायलाही परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरच्या झाडाला वेगळं संरक्षण आहे. ग्रामीण भागात 1964 चा कायदा आंबा, जांभूळ, हिरडा, चिंच यांना लागू होतो. जागेवर राखलं तर ही धावपळ बरीचशी वाचते, फक्त फांद्या छाटायच्या असतील तर विचारून घ्यावं.

खर्चाचा हिशोब करताना हायड्रा आणि ट्रेलरच्या बिलात दोन उन्हाळ्यांचे टँकर मिळवा, आणि दुसऱ्या बाजूला जाळी, तुळईचं लोखंड, नकाशाची दुरुस्ती धरा. माझ्या हिशोबात दुसरी बाजू हलकी निघाली. तुमच्याकडे झाड घराच्या अगदी पोटात असेल तर कदाचित निघणार नाही.

राखायचं ठरलं, तर रंगकाम संपलं म्हणून कुंपण काढू नका. पेव्हर बसवणारा सगळ्यात शेवटी येतो, आणि अंगण सपाट करायला नऊ इंच माती उकरतो. वर्तुळाच्या आत पेव्हर नको, पाचट किंवा पालापाचोळा पुरे. तो माणूस सामान भरून गेला, की मग जाळी सोडा.