तिसऱ्या श्रेणीच्या पाण्यावर रिव्हर रनर कयाक: अंगाला बसवून घेतली तरच कामाची

तिसऱ्या श्रेणीच्या पाण्यासाठी रिव्हर रनर प्रकारची, म्हणजे खळाळती नदी उतरण्यासाठीची सपाट तळाची कयाक घ्यावी का? जरूर घ्यावी. मात्र दुकानातून आणली तशीच ती पाण्यात घालू नये. आतली बैठक अंगाला घट्ट बसवून घेतली तर एवढी शिकवणारी दुसरी नाव नाही. सैल ठेवली तर हीच नाव चांगल्या वल्हवणाऱ्यालाही दर रॅपिडला, म्हणजे नदीच्या खळाळत्या उतारावर, पालथी करते, आणि दोष मात्र तळाच्या आकाराला दिला जातो.

आधी पाणी कसं असतं ते पाहू. नद्यांची अवघडपणाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी १ ते ६ अशी आहे. तिसऱ्या श्रेणीत लाटा मध्यम पण अनियमित असतात आणि त्या चुकवता येतीलच असं नाही. धार वेगवान असते, अरुंद वाटेतून नाव नेमकी वळवावी लागते, एडी, म्हणजे खडकामागे किंवा काठाशी उलट दिशेला वळणारं पाणी, जोरकस असतात. मोठे होल (खडकावरून पडून स्वतःवरच मागे वळणारं पाणी) किंवा पाण्यात आडवी पडलेली झाडं असू शकतात, पण वेळेत पाहिली तर ती टाळता येतात. म्हणजे इथे नावेकडून तीन गोष्टी हव्यात: एडीत पटकन शिरणं, धारेतून आडवं सरकणं आणि लाटेखाली गेलेलं पुढचं टोक लवकर वर येणं. सगळ्या चुका पोटात घालणारी मोठ्या आकारमानाची नाव इथे लागत नाही. पाण्याची पातळी मात्र विसरू नका. मध्यम पातळीला तिसऱ्या श्रेणीत असलेला पट्टा पूर आल्यावर चौथ्या श्रेणीत जाऊ शकतो, आणि पाणी उतरलं की तोच नुसता खडकांचा सडा होऊन बसतो.

रिव्हर रनरची लांबी साधारण २.४ ते २.७५ मीटर, रुंदी ६४ ते ६७ सेंटिमीटर, आकारमान २३० ते २९० लिटर आणि वजन १८ ते २२ किलो असतं. तळ बराचसा सपाट आणि दोन्ही बाजूंना स्पष्ट कडा. मुख्य फरक या कडांचाच आहे. क्रीक बोटीचं बूड गोलसर, आकारमान जास्त आणि कडा बोथट. ती चूक पोटात घालते, म्हणून अवघड, खडकाळ उतारावर तीच हवी. पण तिसऱ्या श्रेणीत वर्षभर फक्त क्रीक बोट चालवली तर कड वापरायची सवयच लागत नाही. रिव्हर रनर चूक लगेच दाखवते आणि बरोबर केलं तर त्याची पोचपावतीही लगेच देते. हाफ स्लाइस नावांचं मागचं टोक पातळ असतं. त्या मजेदार आहेत, पण एडीच्या रेषेवर, म्हणजे एडी आणि धार जिथे भेटतात तिथे, हे टोक पाण्याखाली ओढलं जातं आणि नाव शेपटीवर उभी राहते. रोल, म्हणजे उलटलेली नाव आत बसूनच सरळ करणं, पक्का नसेल तर पहिली नाव म्हणून ती घेऊ नये.

कडेचा नियम एकच आहे आणि तो धारेत जाताना आणि एडीत येताना, दोन्हीकडे लागू पडतो: ज्या पाण्यात शिरताय ते ज्या बाजूने येऊन नावेवर आदळणार, त्या बाजूची कड उचला. एडीतून धारेत जाताना वरच्या, म्हणजे उगमाकडच्या, अंगाची कड उचलायची आणि खालच्या अंगाला झुकायचं. धारेतून एडीत येताना याच्या उलट, कारण एडीतलं पाणी वर चढत असतं. सायकल वळणावर जशी आत झुकते तसंच हे झुकणं. गोल बुडाच्या नावेत कड उचलायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी चालून जातं. रिव्हर रनरमध्ये मात्र पाणी त्या कडेवर चढतं आणि नाव उगमाच्या बाजूला उलटते, एवढी झटकन की वल्हं टेकवायलाही वेळ मिळत नाही. नवशिके या नावेला डुगडुगती म्हणतात ते यामुळे. नाव स्थिर आहे, तिला फक्त वेळेवर सांगावं लागतं.

धार आडवी कापण्यात, म्हणजे फेरी मारण्यात, हा सपाट तळ फार सुंदर चालतो. पुढचं टोक धारेच्या वरच्या दिशेला थोडं तिरकं धरलं, वरची कड जरा उचलून ठेवली, की नाव लाटेच्या उतारावर घसरत पलीकडे जाते आणि वल्ह्याचे दोन-तीन हातच पुरतात. टोक फार तिरकं झालं तर धार ते झटकन खाली फिरवते. तिसऱ्या श्रेणीत एका एडीतून समोरच्या एडीत जायची वेळ सतत येते, त्यामुळे ही गुणवत्ता मला सर्वांत मोलाची वाटते. लाटांच्या माळेतही ही नाव चांगली, कारण पुढचं टोक वर वळलेलं असतं.

आता जिथे ती अडते तिथे येऊ. उथळ, दगडगोट्यांच्या पट्ट्यात कडा दगडाला अडकतात. गोल बूड दगडावरून घसरून जातं, ही तिथे थबकते आणि आडवी होते. अशा वेळी दगडाकडे झुकायचं, दगडाला मिठीच मारायची म्हणा ना. दगडापासून लांब झुकलं की पाणी वरच्या कडेवर चढतं आणि नाव दगडाला चिकटून बसते. दुसरी अडचण होलमध्ये आडवं अडकण्याची. तिथे खालच्या अंगाला झुकून, त्याच बाजूला वल्हं टेकवून पुढे किंवा मागे सरकत बाहेर पडावं लागतं, आणि धारदार कड जरा चुकली की नाव पालथी. पाणी कमी असलेल्या खडकाळ नद्याच तुमच्या वाट्याला येणार असतील तर मी रिव्हर रनरचा आग्रह धरणार नाही.

माप ठरवताना कंपनीने दिलेला वजनाचा पट्टा पाहायचा, पण स्वतःचं वजन ओले कपडे, लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि नावेत ठेवायचं सामान धरून मोजायचं. पट्ट्याच्या मधोमध असणं उत्तम. वरच्या टोकाला असाल तर मागचं टोक कायम पाण्यात ओढलं जाईल, तेव्हा एक माप मोठं घ्या. फार हलके असाल तर नाव पाण्यावर तरंगत राहते आणि कडा पाण्यात बसतच नाहीत. मोठी नाव आतून फोम लावून घट्ट करता येते, लहान नाव मोठी करता येत नाही.

बैठक बसवायला एक पूर्ण संध्याकाळ द्या आणि क्रम मोडू नका. पहिल्यांदा सीटची पुढे-मागे जागा. सगळ्या सामानासह शांत पाण्यात बसा आणि कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा. पुढचं टोक खाली गेलेलं असेल तर लाटेत ते बुडी मारणार. मागचं गेलेलं असेल तर एडीच्या रेषेवर मागे ओढ लागणार. सीट दोन-तीन सेंटिमीटर सरकवली तरी फरक डोळ्यांना दिसतो. त्यानंतर पायांची पाटी. नदीत वापरायचे तेच बूट घालून चवडे टेकले पाहिजेत आणि गुडघे मांडीच्या पकडीखाली थोडे दाबले गेले पाहिजेत. पाटीऐवजी नुसत्या खुंट्या असलेली नाव या पाण्यासाठी घेऊ नका. समोरून खडकावर आदळल्यावर पाय खुंटीवरून पुढे घसरून अडकू शकतो. पाटी आणि नावेची भिंत यांच्यात फट राहिली असेल तर तीही फोमने बुजवा. मग मांडीच्या पकडी, मग कमरेच्या दोन्ही बाजूंचे पॅड, आणि सगळ्यात शेवटी पाठीचा पट्टा. बरेचजण उलटं करतात, आधी पट्टा करकचून ओढतात आणि बाकीचं सैलच ठेवतात. त्याने पाठ दुखते, नाव मात्र ऐकत नाही.

कमरेचे पॅड नेमके हवेत. एक गुडघा वर खेचला की नाव त्याच क्षणी कलली पाहिजे. आधी कंबर सीटवर सरकली आणि मग नाव कलली तर पॅड कमी आहेत. तेवढ्या फरकाने रोल फसतो, कारण रोलमध्ये नाव सरळ करण्याचं काम कमरेचा झटका करतो, हात नव्हे. पॅडसाठी बंद पेशींचा फोम आणि वॉटरप्रूफ काँटॅक्ट सिमेंट वापरा. उघड्या पेशींचा फोम पाणी पितो. सगळं झालं की जमिनीवर वीस मिनिटं बसून पाहा. पायाला मुंग्या आल्या तर बहुधा मांडीखाली आधार कमी असतो, तिथे फोमची पाचर लावावी. आणि प्रत्येक बदलानंतर शांत पाण्यात, कुणी जवळ उभं असताना, उलटं होऊन बाहेर पडायचा सराव करा: अंग पुढे वाकवा, स्कर्टचा (बसायच्या जागेचं तोंड झाकणाऱ्या आवरणाचा) लूप पुढे ढकलून वर ओढा, दोन्ही हात कमरेपाशी नावेच्या काठावर ठेवून नाव पँटसारखी खाली ढकला. घट्ट बसणं आणि अडकणं यातला फरक इथेच कळतो.

कॉकपिटचं, म्हणजे बसायच्या जागेचं, तोंड लांबट, साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर असावं, म्हणजे गुडघे वर घेऊन बाहेर येता येतं. स्प्रे स्कर्ट त्या तोंडाच्या मापाचाच घ्या. सैल असेल तर मोठी लाट वरून पडल्यावर तो आत कोसळतो, नाव भरते आणि मग कुठलाच रोल कामाचा नाही. नवीन निओप्रीन घट्ट असतं. ते ओलं करून रात्रभर नावेवर ताणून ठेवलं की सैलावतं. नव्या प्लास्टिकचा काठ गुळगुळीत असल्याने स्कर्ट निसटत असेल तर काठाच्या खालच्या बाजूला जाड सँडपेपर हलका फिरवा. स्कर्ट लावल्यावर लूप बाहेर आहे ना, हे प्रत्येक वेळी हात लावून पाहायचं. लूप आत राहिला तर पाण्याखाली स्कर्ट उघडायला काहीच हाताशी लागत नाही. या एका गोष्टीत कुणाचीही घाई चालवून घेऊ नये.

मागे, मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या बसवल्याशिवाय नाव नदीत नेऊ नका. नाव पूर्ण भरली तर तिच्यात २०० लिटरहून जास्त पाणी मावतं, म्हणजे २०० किलोपेक्षा अधिक वजन धारेत सुटलेलं असतं. खडकाला चिकटलेली अशी नाव दोन माणसांना हलत नाही. पुढचे-मागचे दोर अडकवायचे धातूचे दांडे बोल्टने पक्के आहेत का तेही पाहा. नाव ओढून काढायची वेळ येते तेव्हा सगळा ताण त्यांच्यावर येतो. थ्रो बॅग, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोराची पिशवी, सीटजवळ हाताला लागेल अशी हवी. १५ ते २० मीटरचा तरंगणारा दोर या पाण्याला पुरतो.

वल्ह्याबद्दल थोडक्यात: १९४ ते २०० सेंटिमीटर, आणि दोन पात्यांमध्ये ३० अंशांच्या आसपास पीळ. दगडांच्या नदीत फायबरग्लासचं पातं पुरेसं आहे, कार्बनवर पैसे घालायची घाई नको. हेल्मेट ईएन १३८५ या मानकाचं असावं.

जुनी नाव घेत असाल तर आतून टॉर्च लावून बाहेरून पाहा. सीटखाली आणि मागच्या टोकाला प्लास्टिक घासून पातळ झालं असेल तर तिथे उजेड जास्त दिसतो. बोल्टच्या भोकांभोवती आणि कॉकपिटच्या काठावर केसासारख्या चिरा शोधा. चीर दिसली तर प्लास्टिक कुठलं ते विचारा. साधं लिनिअर पॉलिथिलीन असेल तर चिरेच्या दोन्ही टोकांना लहान भोक पाडून वेल्डिंग करता येतं. भोक पाडलं नाही तर चीर पुढे धावते. क्रॉसलिंक पॉलिथिलीन वितळून जुळत नाही, त्यामुळे त्या नावेला चीर गेली असेल तर सौदा सोडून द्या. तळाला आलेला पोचा ही मात्र फारशी चिंतेची गोष्ट नाही. उन्हात ठेवून किंवा गरम पाणी ओतून आतून दाबला की बहुतेक वेळा तो भरून येतो.

देखभाल कमीच आहे, पण ती टाळू नका. नदीवरच्या प्रत्येक खेपेनंतर पाठीच्या पट्ट्याच्या दातेरी क्लिपमधली वाळू गोड्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर ऐन वेळी ती सरकत नाही. पाटीचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात, दर दोन-तीन खेपांनी आवळा. पाणी काढायचं बूच एक जास्तीचं लाइफ जॅकेटच्या खिशात असू द्या. नाव ठेवताना तळावर टेकवून महिनोन्महिने ठेवली तर तळ आत बसतो, म्हणून कडेवर उभी किंवा रुंद पट्ट्यांनी टांगून ठेवा, सावलीत. गाडीवर बांधतानाही पट्टा कॉकपिटच्या मधोमध करकचून आवळायचा नाही.