टॉमकॅट उठत नाही: लॉग वाचावा की समोर चालवावा?

पर्वरीच्या आमच्या ऑफिसात पावसाळ्यात वीज गेली की सर्व्हर बसतो, आणि परत सुरू करताना टॉमकॅट, म्हणजे जावाचे वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम, अडून बसतो. अशा वेळी दोन वाटा असतात.

एक, नेहमीच्या स्टार्टअप स्क्रिप्टने सुरू करून मग लॉग उघडणे. स्क्रिप्ट ‘टॉमकॅट स्टार्टेड’ म्हणते, पण त्याचा अर्थ प्रोसेस सोडली एवढाच. खरी हकीकत कॅटलिना.आउट फाइलमध्ये असते. तिथे बहुतेक जण शेवटची ओळ वाचतात आणि फसतात. आधी पहिली ‘सिव्हिअर’ (गंभीर चूक) ओळ शोधा, मग तिच्याखालचे शेवटचे ‘कॉज्ड बाय’; मूळ कारण तिथे असते. लिसनर (अ‍ॅप सुरू होताना चालणारा कोड) सुरू झाला नाही एवढेच दिसले, तर कारण नावात तारीख असलेल्या लोकलहोस्ट लॉगमध्ये सापडते. नव्या मुलांना मी हे पुन्हापुन्हा सांगतो, कारण अर्धा दिवस इथेच वाया जातो.

दुसरी वाट ‘कॅटलिना रन’, म्हणजे टॉमकॅट समोरच्या टर्मिनलमध्येच चालवणारी कमांड. सगळे डोळ्यांसमोर चालते. ८०८० पोर्ट आधीच कुणी अडवलाय, किंवा जावा १७ साठी बांधलेला कोड जुन्या जावावर चढवलाय, हे लगेच कळते. मात्र दूरच्या मशीनवर नेट तुटले की सर्व्हरही जातो. म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर मी हीच वाट धरतो, ग्राहकाच्या सर्व्हरवर लॉगच.

जुने अ‍ॅप टॉमकॅट १० वर टाकले असेल तर दोन्हीकडे तीच तक्रार दिसेल: जावाएक्स.सर्व्हलेटसारख्या जुन्या पॅकेजांचे (कोडच्या गठ्ठ्यांचे) क्लास सापडत नाहीत. तिथे त्या पॅकेजांच्या नावात जावाएक्सच्या जागी जकार्ता करा, नाहीतर टॉमकॅट ९ वर परत जा.